भिरकुंडी कुठून आली

१४ मार्च १९९७

गठ्ठे आले. दोन. दहावीच्या मराठीचे, सुतळीनं आवळलेले. बोर्डानं यंदा पहिल्यांदाच परीक्षक नेमलं म्हणून मोठ्या बाईंनी स्टाफरूममध्ये माझं कौतुक केलं आणि लगेच बजावलं, "मीनाताई, पेपर घरी कोणाच्या नजरेला पडू देऊ नका." घरात आहे कोण? आईला बारीक अक्षर लागत नाही. अण्णांनी आयुष्यभर रेल्वेच्या टाइमटेबलाशिवाय काही वाचलेलं नाही. भाऊ सुधीर बायकोसकट पुण्यात. राहता राहिले मी, आणि मला कोण विचारतं.

अण्णा दारातूनच म्हणाले, "एवढं ओझं कशाला आणलंस घरात?" मालगाडीच्या गार्डानं ओझ्याबद्दल बोलावं!

१७ मार्च

बावीस पेपर झाले. निबंध सगळे एका साच्यातले. 'पाऊस पडला नाही तर' यावर अकरा जणींनी लिहिलंय, अकराही ठिकाणी धरणीमाता भेगाळली आहे. एकीनं भेगाळलीला 'बेगाळली' लिहिलंय, पण तिचा राग खरा वाटला, म्हणून अर्धा गुण जास्त दिला.

'सुट्टीतला माझा आवडता दिवस' यावर कोणी लिहीतच नाही. सोपा विषय कोणाला नको असतो.

माझी पद्धत ठरली. आधी निबंध नुसता वाचायचा, पेन्सिलीनं बाजूला आकडा टाकायचा. दुसऱ्या वाचनाला लाल.

१९ मार्च

काय लिहू.

एकोणचाळिसावा पेपर. मुलीचं अक्षर, गोल, डावीकडे कललेलं. विषय 'सुट्टीतला माझा आवडता दिवस'. तिसऱ्या ओळीत: "पप्पा ड्यूटीवरून आले की आमच्या घरी भिरकुंडी असते."

मी आपोआप त्या शब्दाभोवती लाल गोल केला. शिकवणाऱ्या बाईची सवय. गोल पुरा झाल्यावर कळलं की मी काय वाचलंय.

पुढचं उतरवून ठेवते. नियमात बसत नाही, माहीत आहे.

"भिरकुंडीच्या दिवशी स्वयंपाक करायचा नसतो. ताटे घ्यायची नाहीत. जमिनीवर पेपर पसरून त्यावर चुरमुरे, शेव, कांदा कालवायचा आणि सगळ्यांनी एकदम खायचे. खिडकीला चादर लावायची. आणि घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवायचे, म्हणजे वेळ आपल्याला बघत नाही. पप्पा म्हणतात हा शब्द त्यांनी माझ्यासाठी बनवला. माझे पप्पा गार्ड होते. बाकीच्यांचे पप्पा रिटायर झाले की घरी येतात. माझे पप्पा रिटायर झाले तसे कमी येतात."

निबंधात पुढे नळाला वीस दिवसांनी येणारं पाणी आहे, गच्चीवरून दिसणारा अंकाईचा किल्ला आहे. मनमाड. न सांगता सांगितलंय पोरीनं.

पेन्सिलीनं आठ लिहिले, दहापैकी. तेवढे होतेच.

आईनं जेवायला बोलावलं. अण्णा ताक मागत होते. मी वाढलं.

२० मार्च

भिरकुंडी आमचा शब्द आहे. आमच्या घरातला. बाहेर कोणाच्या तोंडी नाही. हे मला सहावीत कळलं, जेव्हा मी निबंधात तो लिहिला आणि जोशीबाईंनी त्याला लाल गोल करून बाजूला प्रश्नचिन्ह टाकलं. तोवर मला वाटायचं, दिवाळी, होळी तशी सगळ्यांकडे भिरकुंडी असते. घरी येऊन रडले. अण्णा त्या दिवशी घरी होते. म्हणाले, "तुझ्या बाईंना काय कळतंय? माझ्या आईच्या बोलीतला शब्द आहे तो. सटाण्याकडचा."

मग मला त्या शब्दाचा केवढा अभिमान. कॉलेजात मैत्रिणींना सांगायची, आमच्या आजीची बोली.

आणि आमच्या भिरकुंडीतही ताटं नाहीत. खिडकीला चादर. घड्याळ उलटं. वेळ आपल्याला बघत नाही, हे वाक्यसुद्धा. सगळं तेच.

असंही असेल की अण्णांनी एखाद्या दुसऱ्या गार्डाला सांगितलं असेल गप्पांत. रनिंग रूमवर, ड्यूटीच्या मधल्या मुक्कामाला, बसून माणसं काय काय बोलतात. त्यानं आपल्या घरी नेलं असेल. असेल ना. का नसेल.

२२ मार्च

पवारसर सटाण्याचे, भूगोल शिकवतात, अहिराणीचा भारी अभिमान. मधल्या सुट्टीत विचारलं. दोनदा उच्चार करून पाहिला त्यांनी.

"नही बाई. आसा शबद आमनाकडे नही शे."

"जुन्या बायका म्हणत असतील."

"मनी आजी नव्वदनी शे. तिले इचारस, पण मी नही म्हणस."

संध्याकाळी वाचनालयात कोशांचे खंड काढून बसले. भिरकाव आहे, भिरकांड आहे, भिरभिर आहे, भिरभिरं आहे. भिरकुंडी नाही. मौज आहे, ती अरबीतून आली, मूळ अर्थ पाण्याची लाट. मजा फारसीतून, मूळ अर्थ चव. केवढ्या लांबून लांबून शब्द येतात आणि त्यांचा पत्ता कोणीतरी नोंदवून ठेवतं. आमच्या शब्दाला गाव नाही.

म्हणजे अण्णा खोटं बोलले. एवढ्याशा गोष्टीत खोटं कशाला बोलायचं माणसानं?

२४ मार्च, धुळवड

आज सुट्टी. अण्णा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, रंग घेऊन येणाऱ्या पोरांवर डोळे वटारत. मी चहा दिला. सहज विचारल्यासारखं विचारलं, "अण्णा, भिरकुंडी शब्द नक्की आजीचाच ना?"

"मग कोणाचा? तिचाच."

"पवारसर म्हणतात, सटाण्याकडे असा शब्द नाही."

"पवार काय सटाण्याचा पाटील लागून गेला का?" बशीत चहा ओतला, फुंकला. "तुला कामं नाहीत का? ते गठ्ठे पडलेत."

मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "एक तारखेला मनमाडला जायचंय. पेन्शन."

दर महिन्याला जातात. दोन वर्षं झाली निवृत्त होऊन. सुधीरनं तीनदा सांगितलं, नाशिकरोडच्या बँकेत बदलून घ्या, अर्ज मी देतो. अण्णा म्हणतात, तिथली माणसं ओळखीची आहेत. आणि एका दिवसाच्या कामाला दोन मुक्काम.

दोन वर्षं हे माझ्या डोळ्यांसमोर होतं. मुलांना उतारा देऊन त्यावर प्रश्न विचारते मी. उत्तरं उताऱ्यातच असतात म्हणून सांगते.

२८ मार्च

रंगपंचमी. जुन्या नाशकात रहाडी, रंगाचे ते जमिनीतले हौद, उघडल्या. शेजारच्या कुलकर्ण्यांकडची सगळी तरणी मंडळी उड्या मारून पिवळीजर्द होऊन परत आली आणि आमच्या जिन्यावर पायांचे ठसे उमटवून गेली. आई हसत पुसत होती.

गठ्ठे उद्या द्यायचे. दुसरं वाचन संपवलं. तो पेपर शेवटी घेतला.

पेन्सिलीचे आठ खोडले. लाल पेनानं चार लिहिले.

कारण मनाशी तयार होतं. परिच्छेद नीट पाडलेले नाहीत. शेवट एकदम होतो. बोलीतला निरर्थक शब्द सात वेळा. प्रत्येक कारण खरं आहे आणि एकही खरं नाही.

पोरगी सोळा वर्षांची. तिनं माझं काय घेतलं? पण "माझ्यासाठी बनवला" या वाक्यावर पेन पुन्हा पुन्हा जातं. मला आजीचा म्हणून सांगितलं, तिला तिच्यासाठी बनवला म्हणून. म्हणजे मला निदान वारसा दिला होता, तिला तर थेट... जाऊ दे. हा हिशेब करण्याचं माझं वय नाही. एकतीस पूर्ण.

३१ मार्च

नियामकांनी गठ्ठ्यातून पाच पेपर काढून पाहिले. "व्यवस्थित. हात थोडा सैल ठेवा पुढच्या वर्षी." त्या पाचांत तो नव्हता. मी त्यांच्या टेबलासमोर उभी होते आणि तो निघावा असं मला वाटत होतं, आणि निघू नये असंही.

१ एप्रिल

अण्णा पहाटेच्या गाडीनं गेले. पिशवी आईनंच भरली. टॉवेल, लेंगा, बीपीच्या गोळ्या, दोन मुक्कामांच्या मोजून.

दुपारी शाळा सुटल्यावर आईजवळ बसले. ती गहू निवडत होती. मी सूप घेतलं. आणि म्हटलं, "आई, पहिली भिरकुंडी कधी झाली गं? मला नीट आठवत नाही."

तिनं जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते.

"संपात. रेल्वेचा मोठा संप नाय का झाला, चौऱ्याहत्तरला, मे महिन्यात. तू आठ वर्षांची. हे भूमिगत झाले. पुढारी होते ना, पकडत होते माणसं. वीस दिवस पत्ता नाय. क्वार्टर खाली करायला लावतील अशी आवई उठली, म्हणून मी सगळी भांडी पोत्यात भरून ठेवली. ताटं, वाट्या, सगळं. आणि तुम्ही दोघं भुकेले. मग पेपर पसरला जमिनीवर. घरात चुरमुरे होते तेवढेच."

"आणि चादर?"

"बाहेरून कोणी बघू नये. खाकी कपडा दिसला तरी जीव जायचा. घड्याळ तर तूच. दर पाच मिनिटांनी, किती वाजले, अण्णा कधी येतील. उलटं करून टाकलं. तुला सांगितलं, म्हणजे वेळ आपल्याला बघत नाय. सुधीरला वाटलं खेळ आहे. हसायला लागला. तो हसला म्हणून तू हसलीस. तू म्हणालीस, आई, याला काय म्हणायचं? मी म्हटलं, भिरकुंडी."

"कुठून आला तो शब्द?"

"कुठून येतोय? असाच. माहेरी, घोटीला, आम्ही पोरी भाताच्या बांधावर पानाला काडी टोचून वाऱ्यावर धरायचो, भिरभिरं. ते असेल डोक्यात. पुढं कुंडी कुठून चिकटली, देवाला ठाऊक."

म्हणजे शब्द आईचा. अण्णांच्या आईचा नाही. अण्णांचा तर नाहीच. त्यांनी त्याला सटाण्याचा पत्ता लावला आणि आई गप्प राहिली, वीस वर्षं.

मी विचारलं, "मग अण्णा म्हणाले आजीचा, तेव्हा तू बोलली का नाहीस?"

"कशाला? ह्यांना वाटलं असेल, आपलंही काहीतरी असावं त्यात. ते त्यात नव्हते ना."

तेव्हा मला आठवलं. त्या एकाच दिवशी नाही, पुढेही. भिरकुंडीत अण्णा कधी नव्हतेच. आम्ही तिघंच असायचो. मी इतकी वर्षं त्यांना त्या चित्रात बसवत होते, पेपरच्या त्या कडेला, शेव कालवताना. ते निबंधातलं चित्र आहे. मनमाडचं. आमचं नव्हे.

आमच्याकडे ते यायच्या दिवशी आले नाहीत की भिरकुंडी व्हायची. तिच्याकडे ते आले की. एकच दिवस, दोन घरं.

गहू सांडले. आईनं न रागावता गोळा केले.

२ एप्रिल

काल अर्धवट राहिलं. आईच पुढचं बोलली, मी न विचारता. बहुधा माझं तोंड बघून.

"संप मिटला आणि हे आले. दाढी केलेली. अंगात पांढरा शर्ट, इस्त्रीचा. बाकीच्यांची माणसं आली ती खरजेनं भरलेली, केस वाढलेले. शेजारच्या घोरपडेबाईंचा नवरा तर ओळखू येईना. आणि हे इस्त्रीचा शर्ट घालून. मी त्या शर्टाकडे बघितलं आणि कळलं मला. विचारलं नाय. शर्ट धुतला आणि पुन्हा घालायला दिला नाय, एवढंच."

आणि आमच्या घरात संपाची केवढी गाथा! अण्णांनी नोकरीवर पाणी सोडायची तयारी ठेवली, अण्णा वीस दिवस डोंगरात लपले. मी दहावीत त्यावर भाषण केलंय. बक्षीस मिळालं. डोंगर कुठला, मनमाडातली एक खोली आणि इस्त्री करणारी एक बाई.

"एक मुलगी पण आहे," आई म्हणाली. "दहावीला असेल यंदा."

मी दचकले. तिला पेपराचं कळलं की काय. "तुला कसं माहीत?"

"ह्यांच्या पिशवीत दहावीचं गाइड होतं डिसेंबरात. आपल्या घरात कोण आहे दहावीला?"

मी रडले. रागानं. तिच्यावरच ओरडले, की तू आम्हाला फसवलंस, त्यांच्याइतकंच फसवलंस, आम्ही सुखाचे दिवस समजत होतो ते. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "फसवलं नाय. तुमच्यात बसले की मी खरी हसायचे. ह्यांची वाट बघायचं विसरावं म्हणून सुरुवात केली होती, पण पुढं पुढं विसरलेच. माणूस वाटून गेला, मीना. ती एक भिरकुंडी तेवढी माझी राहिली, अख्खी. त्यात ह्यांचं बोट लागलं नाय."

बोट लागलंय, आई. अख्खा हात लागलाय.

नाही सांगितलं.

३ एप्रिल

आणखी एक आठवलं. नसतं आठवलं तर बरं.

संपानंतर अण्णा आले त्या दिवशी मी त्यांच्या मांडीवर बसून सगळं सांगितलं होतं. पेपर, चुरमुरे, चादर, घड्याळ. ते विचारत होते, "मग? आणखी काय करायचं असतं?" मला किती आनंद झाला होता, त्यांना रस वाटतोय म्हणून. एकेक नियम मी बोटं मोडून शिकवला. सुधीर मध्ये मध्ये चुका काढत होता.

म्हणजे तिकडे नेऊन पोचवली ती मीच. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच का?

अण्णा संध्याकाळी परतले. आईनं पाय धुवायला पाणी दिलं.

८ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली. अण्णांनी काठीला गाठ मारली, उत्तम मारली, रेल्वेची गाठ. कडुलिंबाची चटणी सगळ्यांत जास्त त्यांनीच खाल्ली, तोंड न वाकडं करता.

आई देवळात गेली. आम्ही दोघंच. मला आता गप्प बसवेना.

मी म्हटलं, "अण्णा, मनमाडलाही भिरकुंडी असते ना?"

टाइमटेबल खाली ठेवलं त्यांनी. "आईनं सांगितलं?"

"आईला हे माहीत नाही. बाकीचं सगळं माहीत आहे. हे नाही."

"मग कोणी सांगितलं?"

"ते सोडा. तिला काय सांगितलंत, कुठून आला शब्द?"

"सांगितलं काहीतरी. पोरं विचारतात."

"मलाही काहीतरीच सांगितलंत."

तर चिडले. अण्णा चिडले की आवाज खाली जातो, चढत नाही. "तुमचं काय कमी केलं मी? शिक्षण केलं तुझं, त्याचं केलं. हे घर बांधलं. त्या पोरीला काय दिलं? नाव पण धड लावता येत नाही लोकांसमोर. इथलं तिथं काही नेलं नाही मी कधी. एक शब्द नेला. शब्दच तर नेला ना?"

मी मराठी शिकवते. मला त्या क्षणी एक वाक्य सुचलं नाही. आत जाऊन श्रीखंडाचा चक्का फेटत बसले.

आता सुचतंय: आमच्या घरात दुसरं होतं काय नेण्यासारखं?

२० एप्रिल

अण्णा माझ्याशी नेहमीसारखेच बोलतात. किंबहुना जरा जास्त. काल कलिंगड आणलं आणि म्हणाले, "मीनाला मधला भाग दे." चोराला चोरी सांगून टाकल्यावर हलकं वाटतं तसं काहीतरी. जड मी झालेय.

शाळा संपली. निकाल लावायचे. आठवीच्या वह्यांत रमायचा प्रयत्न करते.

११ मे

सुधीर, वहिनी आणि त्यांची पिंकी आले आहेत. पिंकी चार वर्षांची. दुपारी वीज गेली, उकाडा, पोर किरकिर करायला लागली. आई उठली, कपाटावरचा जुना पेपर काढला आणि म्हणाली, "चल, भिरकुंडी करू."

सुधीर लहान पोरासारखा उठला. चादर त्यानंच लावली. घड्याळ पिंकीला उचलून घेऊन तिच्या हातानं फिरवलं. वहिनी हसून हसून बेजार.

अण्णा दारात उभे होते. आत येईनात, बाहेर जाईनात. पिंकी म्हणाली, "आजोबा, तुम्ही पण." सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. आईसुद्धा.

ते आले. बसले. कांदा हातानं फोडला, चुरमुऱ्यात टाकला, वरून शेव, मग दोन्ही हातांनी खालून वर, खालून वर, एक दाणा पेपराबाहेर न सांडता.

आई म्हणाली, "तुम्हाला बरं येतंय कालवायला."

अण्णांनी हातांना लागलेली शेव झटकली. आईनं पुन्हा त्यांच्या हातांकडे पाहिलं, जरा जास्त वेळ, आणि पिंकीला भरवायला लागली.

कळलं असेल का तिला? शर्टावरून कळलं होतं.

१२ मे

आई नेहमीसारखी. मला काही वाचता येत नाही तिच्या चेहऱ्यावरचं. पिंकीनं आज पुन्हा भिरकुंडी मागितली. आई म्हणाली, "रोज रोज नसते बाळा," आणि पिठलं टाकलं.

१६ जून

निकाल काल लागला. आमच्या शाळेचा ब्याऐंशी टक्के, मोठ्या बाई खूश.

या महिन्यात अण्णा एक तारखेऐवजी निकालाच्या सुमाराला गेले, दोन मुक्कामांऐवजी तीन करून आज आले. पेढे आणले नाहीत. मला भीती होती आणतील.

१९ जून

आज अण्णा माझ्या टेबलाशी आले, खुर्ची ओढून बसले. खिशातून चौघडी केलेला कागद काढला. गुणपडताळणीचा फॉर्म.

"तुला आता माहीतच आहे, तर लपवू कशाला. त्रेसष्ट टक्के पडलेत. बाकी सगळीकडे बरे आहेत. मराठीत घसरली. तिचा आवडीचा विषय. रडून रडून डोळे सुजलेत पोरीचे. पुढं डी.एड. करायचं म्हणते, आता अकरावीच्या प्रवेशालाच एकेका गुणाची मारामारी. तू मास्तरीण आहेस. हा कसा भरायचा ते सांग."

मी फॉर्म बघत राहिले. उमेदवाराचं नाव: अश्विनी. पुढे जे मधलं नाव होतं ते माझ्याही नावात मधे आहे. तेच आडनाव. आसन क्रमांक मला पाठ होता.

"निबंध चांगला लिहिला होता म्हणते," अण्णा हलक्या आवाजात म्हणाले. "घरचंच लिहिलं होतं. भिरकुंडीचं. म्हणून कापले असतील का गं?"

पडताळणीत फक्त बेरीज बघतात. एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, ते बघतात. चाराचे आठ कोणी करत नाही. ते फक्त मी करू शकते, आणि ते करायचं तर नियामकांना लिहून द्यावं लागेल की मी काय केलं आणि का केलं. का, हे लिहावं लागेल. पुढे मला कोणी पेपर देणार नाही. शाळेतही कळेल. आणि घरात.

एवढ्यात आई आली, हात पदराला पुसत. कागद बघून थांबली. तिनं ना रागानं विचारलं ना कुतूहलानं, शेजारच्या पोरीचं विचारावं तसं विचारलं, "नापास झाली का?"

"नाही," अण्णा म्हणाले. "मराठीत कमी पडले."

"मग दे ना भरून, मीना. पोरीचं वर्ष आहे." आणि फळीवरचं माझं पेन तिनंच काढून पुढे ठेवलं. मग जाता जाता वळली. "निबंधात गेले असतील. कशावर लिहिला होता?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. घाबरलेला माणूस होता तो, साठीचा. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "पाऊस पडला नाही तर."

"हो," अण्णा म्हणाले. "त्यावरच."

"त्यावर सगळ्याच पोरी लिहितात," आई म्हणाली. "वेगळं काहीतरी लिहायला पाहिजे होतं तिनं." आणि आत गेली.

फॉर्म भरून दिला. अण्णा म्हणाले, "तुझं अक्षर छान आहे." मी आणि अण्णा एका बाजूला, जन्मात पहिल्यांदा.

२० जून

नियामकांना पत्र लिहायला बसले. 'मा. महोदय, सविनय' एवढं झालं. आईनं विचारलं, कोणाला लिहितेस. म्हटलं, शाळेचं आहे. म्हणाली, "ह्यांचं पाकीट टाकायला जाशील पोस्टात, तेव्हा हेही टाक."

अण्णांचं पाकीट टेबलावर आहे. तिकीट लावून. पोस्ट पाचला बंद होतं. सव्वाचार झालेत.